कंटिन्युइटी लिहायची ती शब्दावर

सिनेमाच्या शूटिंगमध्ये कंटिन्युइटीला, म्हणजे एका शॉटमधलं सगळं दुसऱ्या शॉटशी जुळतंय ना हे बघण्याच्या कामाला, आलेली नवी मुलं पहिल्या दिवशी फोटोंचा सपाटा लावतात. काढा फोटो, पण आधी माझी फजिती ऐका. पहिल्याच वर्षी एका प्रसंगात नटाच्या बाह्या किती दुमडल्यात, पेल्यात पाणी कुठवर आहे, सगळ्याचे फोटो माझ्याजवळ होते. पेला कुठल्या शब्दावर उचलला, ते मात्र लिहिलं नव्हतं. मास्टरमध्ये, म्हणजे पूर्ण प्रसंग सलग घेतलेल्या शॉटमध्ये, वाक्याच्या मध्यावर, क्लोजअपमध्ये वाक्य संपल्यावर. एडिटरने दोन्ही शॉट लागोपाठ दाखवले आणि माझ्याकडे नुसतं बघितलं.

तेव्हापासून मी संवादावरच लिहिते. वाक्य आहे ‘मी जाणार नाही’. ‘जाणार’ला उजव्या हाताने पेला वर, ‘नाही’ला ओठांशी, घोट नंतर. एवढं लिहिलं की पुढच्या टेकला नटाला नेमकं सांगता येतं.

प्रत्येक शॉटसाठी स्क्रिप्टच्या पानावर उभी रेघ ओढा, वर शॉट नंबर. बोलणारा फ्रेममध्ये असेल तिथे रेघ सरळ, नुसता आवाज असेल तिथे नागमोडी. एखाद्या संवादावर सगळ्याच रेघा नागमोडी दिसल्या, तर बोलणाऱ्याचा चेहरा घ्यायचा राहिलाय. सेट मोडायच्या आत बोला!

याच्याही आधीचं काम घरी बसून करायचं. शूटिंग क्रमाने होत नाही, म्हणून कथेतले दिवस मोजा: पहिला दिवस, रात्र, तीन दिवसांनंतर. कपाळावरची जखम कुठल्या दिवशी ओली, कुठल्या दिवशी खपली धरलेली, हे त्यावरून ठरतं. इथे तुम्ही पटकथाच वाचत असता, लेखकाइतकीच बारकाईने.

मूकपटांच्या काळात तर ‘कंटिन्युइटी’ हे शॉटवार लिहिलेल्या पटकथेचंच नाव होतं. आल्मा रेव्हिल हिने सोळाव्या वर्षाच्या सुमारास लंडनजवळ ट्विकनहॅमच्या स्टुडिओत, संकलनाच्या खोलीत कामाला सुरुवात केली. पुढे कंटिन्युइटी आणि पटकथा दोन्ही केल्या. नवरा प्रसिद्ध दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक, त्यामुळे तिची ओळख बायको म्हणूनच जास्त, याचा मला राग येतो. 1935च्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’च्या श्रेयनामावलीत तिच्या नावापुढे कंटिन्युइटी आहे, 1943च्या ‘शॅडो ऑफ अ डाउट’मध्ये पटकथा. हिचकॉकचा ‘सायको’ पूर्ण होत आला तेव्हा मेलेली नायिका पडद्यावर किंचित जिवंत दिसते, हे तिनेच पकडलं. डोळा संकलनात तयार झालेला. म्हणून जमेल तेव्हा एडिटरजवळ बसा.

चूक दिसली की सेटवर ओरडू नका. कट झाल्यावर दिग्दर्शकाच्या कानात एका वाक्यात सांगा: ‘पेला डाव्या हातात होता, कटला अडेल.’ दुसरा टेक घ्यायचा की नाही, ते त्याचं. त्याने सोडून दिलं तर टेक नंबरासमोर तेही लिहा आणि पानं त्याच रात्री एडिटरकडे पोचवा.