परदेशी भाषा शिकताय? कॉलेज संपण्याआधी संधी कशा गाठाव्यात

‘आधी पदवी पूर्ण करू, भाषा पक्की होऊ दे, मग संधी शोधू’ असं परदेशी भाषा शिकणारे बहुतेक विद्यार्थी ठरवतात. मला हा क्रम उलटा वाटतो, कारण अनेक चांगल्या संधींचा पहिलाच प्रश्न असतो, ‘तुम्ही सध्या विद्यार्थी आहात का?’ जपान सरकारची जपानी भाषा आणि संस्कृतीच्या अभ्यासासाठी एक वर्षाची शिष्यवृत्ती आहे. ती परदेशातल्या विद्यापीठांत जपानी शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांनाच मिळते, आणि वर्ष संपवून परतल्यावरही आपल्या विद्यापीठात नाव असावं लागतं. म्हणजे शेवटच्या वर्षाला पोहोचल्यावर जागं झालेल्याची गाडी चुकली. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपसाठी पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा त्यापुढे शिकत असावं लागतं, नाहीतर पदवी घेऊन एक वर्षाच्या आत असावं लागतं. विद्यार्थी असणं ही स्वतःच एक पात्रता आहे, आणि तिला मुदत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर बेतलेल्या आहेत.

पायरी १ : हातातली सत्रं मोजा

एका कागदावर उरलेली सत्रं लिहा. खाली ज्या दोन-तीन संधी मनात आहेत त्या लिहा आणि प्रत्येकीपुढे अर्जाची शेवटची तारीख मांडा. परदेशी जाण्याच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज बहुधा निघण्याच्या सहा महिने ते वर्षभर आधी बंद होतात. अर्जाला भाषेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे परीक्षा त्याच्याही आधी. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि निकालाला साधारण दोन महिने लागतात. असं मागे मोजत गेलात की कळतं, तिसऱ्या वर्षाच्या संधीची तयारी पहिल्याच वर्षी सुरू व्हायला हवी.

पायरी २ : भाषा निवडताना स्वतःची भाषा विसरू नका

भाषा आधीच निवडली असेल तर ही पायरी सोडा, आणि कृपा करून ती मध्येच बदलू नका. दोन भाषा अर्धवट येण्यापेक्षा एक भाषा कामापुरती येणं कितीतरी मोलाचं.

अजून निवड व्हायची असेल, तर ‘सोपी-अवघड’च्या याद्या जपून वाचा. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने केलेली वर्गवारी सगळीकडे फिरत असते : फ्रेंच, स्पॅनिशला सुमारे ६०० ते ७५० तास, तर जपानी, चिनी, कोरियन, अरबीला सुमारे २,२०० तास. ती यादी इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी आहे, हे मात्र कोणी सांगत नाही. जर्मनमधली तीन लिंगं पाहून इंग्रजी बोलणारा हबकतो. आपल्याला ‘तो आंबा, ती चिंच, ते लिंबू’ पाठच आहे. कोणत्या शब्दाला कोणतं लिंग एवढंच नव्याने शिकायचं. जपानी आणि कोरियनमध्ये क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, प्रत्यय नामाच्या मागे लागतात, समोरच्याचा मान क्रियापदातून दिसतो. यातलं काहीच मराठी डोक्याला परकं नाही. जपानीची लिपी मात्र कष्ट मागतेच, तिथे सवलत नाही.

पायरी ३ : कोणत्या पातळीवर कोणतं दार उघडतं ते जाणून घ्या

विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त निराशा इथे होते, म्हणून जरा थांबून समजून घेऊ. युरोपीय भाषांसाठी कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. कॉलेजातला भाषेचा जोडविषय बहुतेकांना ए२पर्यंत, फार तर बी१च्या उंबऱ्यापर्यंत नेतो. तेवढ्यावर नोकरीच्या जाहिराती पाहिल्या की वाटतं, भाषा शिकून काही उपयोग झाला नाही. खरं तर भाषा उपयोगाची होते तिथवर आपण पोहोचलेलोच नसतो.

माझ्या मते बी२ ही खरी सीमारेषा. तिथून पुढे माणूस समोरच्याला न थांबवता संभाषण करतो, ईमेल स्वतः लिहितो, आपल्या विषयातला लेख वाचून त्याचं सार सांगतो. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेतलं बी२ प्रमाणपत्र असेल, तर फ्रान्समधल्या विद्यापीठांच्या भाषेच्या प्रवेशचाचणीतून सूट मिळते. जर्मनीत जर्मन माध्यमातून पदवी घ्यायची तर अपेक्षा अजून वरची असते. जर्मनच्या टेस्टडाफ परीक्षेत चारही भागांत चौथी श्रेणी (पाचवी सर्वांत वरची) मिळवलेली सहसा सगळीकडे चालते. जपानी कंपन्या बहुधा एन२ मागतात, म्हणजे जेएलपीटीची वरून दुसरी पातळी; एन१ सर्वांत वरची. भाषांतर किंवा शिकवणं हे व्यवसाय म्हणून करायचं असेल, तर सी१ किंवा एन१च्या खाली समाधान मानू नका.

प्रमाणपत्रांची मुदत वेगवेगळी असते. डेल्फ आणि स्पॅनिशची देले ही प्रमाणपत्रं कायमची. कोरियनच्या टोपिकचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात, म्हणून ती परीक्षा अर्जाच्या जवळ द्या. आणि जेएलपीटीत बोलण्याची किंवा लिहिण्याची चाचणीच नाही. एन२ हातात आणि मुलाखतीत दोन वाक्यांनंतर गप्प, अशी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांचं वाईट वाटतं. मेहनत खरी असते, फक्त तोंड उघडायची सवय नसते. आठवड्यातून दोनदा अर्धा तास त्या भाषेत बोलायला जोडीदार शोधा. तो तुमच्याकडून तुमची भाषा शिकेल, तुम्ही त्याच्याकडून त्याची.

पायरी ४ : भाषेला एका विषयाची जोड द्या

निव्वळ भाषेवर चालणारी कामं आहेत : भाषांतर, दुभाषेगिरी, अध्यापन. पण त्याहून कितीतरी जास्त जागा अशा असतात, जिथे विषय मुख्य आणि भाषा हे त्या विषयाचं दार. उदाहरणं पाहा. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या अधिकृत भाषा इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला जर्मन येत असेल तर पेटंटच्या कामात तो वेगळा उठून दिसतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं कामकाज इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं; कायदा शिकणाऱ्याने फ्रेंच का घ्यावी याचं हे सरळ उत्तर. सॉफ्टवेअर आणि जपानी दोन्ही येणाऱ्या माणसाला तिकडे ‘ब्रिज इंजिनिअर’ म्हणतात, कारण तो दोन देशांतल्या टीममधला पूल असतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी भाषांकडे वळावं असं मला मनापासून वाटतं. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची सुमारे २.५ कोटी पानं कागदपत्रं जगभरच्या अभिलेखागारांत आहेत, आणि युनेस्कोने २००३ साली ती जागतिक स्मृतिवारशात नोंदवली. व्यापार, हवामान, भांडणं, लग्नं, सगळं त्यात आहे. ते मुळातून वाचणारे लोक अजूनही थोडेच आहेत.

तुमचा मुख्य विषय कोणताही असो, त्यातल्या दोनशे संज्ञांचा द्विभाषिक शब्दसंग्रह आजपासून एका तक्त्यात लिहायला घ्या. शब्द, अर्थ, कुठे वाचला, वापराचं एक वाक्य. मुलाखतीत तो तक्ता दाखवता येतो.

पायरी ५ : दुसऱ्याला दिसेल असं काम करा

गुणपत्रिका सगळ्यांकडे असते. केलेलं काम फार थोड्यांकडे असतं, आणि ते कॉलेजात असतानाच जमवता येतं.

टेड भाषणांचे उपशीर्षक-अनुवाद स्वयंसेवक करतात. तिथे ओळीत ४२ अक्षरचिन्हं आणि वाचनासाठी सेकंदाला २१ चिन्हांपर्यंत अशी मर्यादा असते. या मर्यादेत बोलणाऱ्याचा आशय बसवणं हे फार चांगलं शिक्षण आहे, कारण काय गाळायचं हे ठरवण्यासाठी आधी काय म्हटलंय ते नीट समजावं लागतं. शिवाय तुमचा अनुवाद दुसरा अनुवादक तपासतो आणि नाव प्रसिद्ध होतं. विकिपीडियावर आपल्या विषयातले लेख मूळ भाषेतून आणता येतात. टाटोएबा या खुल्या संग्रहात तर एकेका वाक्याचं भाषांतर देता येतं. रोज दहा वाक्यं, बसल्या जागी.

‘यंत्र भाषांतर करतंय, मग आम्ही कशाला?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. काम कमी झालं नाही असं मी म्हणणार नाही. साध्या मजकुराचं बरंच काम यंत्राकडे गेलं आहे. पण यंत्राचा मजकूर तपासून दुरुस्त करणं हे आता वेगळं कौशल्य झालं आहे आणि त्यासाठी २०१७पासून आयएसओ १८५८७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. ते करायला भाषा यंत्राहून चांगली यावी लागते, कारण यंत्राची चूक वाचायला गुळगुळीत असते. सरावासाठी एक परिच्छेद स्वतः भाषांतरित करा, मग यंत्राकडून करून घ्या, आणि जिथे दोघांत फरक पडला तिथे कोण बरोबर ते मूळ वाचून ठरवा. ओमेगा-टीसारखं भाषांतर-स्मृती (आधी केलेली भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणारी सोय) वापरणारं मोफत सॉफ्टवेअरही या निमित्ताने शिकून घ्या.

पायरी ६ : परदेशी सत्र आणि शिष्यवृत्तीसाठी अर्ज

सुरुवात आपल्याच कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागापासून करा. दोन विद्यापीठांत करार असेल तर देवाणघेवाण सत्रात सहसा यजमान विद्यापीठाची फी पडत नाही, आणि अशा जागांसाठी अर्ज अनेकदा कमीच येतात. त्यानंतर देशांच्या योजना : जर्मनीची १९२५ साली स्थापन झालेली शैक्षणिक देवाणघेवाण संस्था डीएएडी, युरोपचा १९८७ साली इरास्मस नावाने सुरू झालेला विद्यार्थी-देवाणघेवाण कार्यक्रम, कोरिया आणि जपान सरकारच्या शिष्यवृत्त्या. प्रत्येकीच्या संकेतस्थळावर आपल्या देशासाठीच्या अटी वेगळ्या असतात, त्याच वाचा. जपानचा जेट कार्यक्रम पदवीनंतरचा. त्यात इंग्रजी शिकवण्याच्या जागांखेरीज स्थानिक सरकारी कार्यालयांत समन्वयकाच्या जागा असतात, आणि त्यांना चांगली जपानी लागते.

अर्जातल्या हेतुपत्रात ‘लहानपणापासून या संस्कृतीची ओढ’ हे वाक्य गाळा. निवडणाऱ्याने ते शेकडो वेळा वाचलेलं असतं. त्याऐवजी लिहा : कोणत्या विद्यापीठातला कोणता अभ्यासक्रम हवा, तो आपल्याकडे का मिळत नाही, आणि परतल्यावर त्याचं काय करणार. तीन परिच्छेद पुरे.

संयुक्त राष्ट्रांची इंटर्नशिप आकर्षक असते, पण सचिवालय तिचं मानधन देत नाही. प्रवास आणि राहण्याचा खर्च कोण करणार, हे घरी आधी बोलून घ्या.

पायरी ७ : पहिलं पैशाचं काम घेताना

काम घेण्याआधी लेखी विचारा : शब्दांवर दर की तासावर, किती दिवसांत, दुरुस्त्या किती वेळा, पैसे केव्हा. ग्राहकाचा मजकूर परवानगीशिवाय सार्वजनिक भाषांतर-साधनात चिकटवू नका. तो तुमचा नसतो. आणि रुग्णालयात किंवा पोलीस-कोर्टाच्या कामात दुभाषा म्हणून उभं राहायची विनंती आली तर विद्यार्थीदशेत नम्रपणे नकार द्या. तिथे एका चुकलेल्या शब्दाची किंमत दुसरा माणूस मोजतो. अनुभवी दुभाषेसुद्धा परिषदेत सहसा अर्ध्या तासाने आलटून-पालटून बोलतात, इतकं ते दमवणारं काम आहे. प्रदर्शनातला स्टॉल, पाहुण्यांसोबत फिरणं, पत्रव्यवहार यांपासून सुरुवात करा.

केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, शब्दसंख्या आणि स्वरूप एका वहीत टिपत जा. शिफारसपत्र मागायला जाल तेव्हा त्या वहीतलं एक पान उतरवून शिक्षकांच्या हाती द्या, आणि शेवटच्या तारखेच्या निदान महिनाभर आधी द्या. म्हणजे ‘हुशार व होतकरू विद्यार्थिनी’ एवढ्यावर न थांबता, तिने कोणत्या भाषणांचे अनुवाद केले आणि कोणत्या सत्रात तिचं बोलणं सुधारलं, हे त्यांना लिहिता येईल.