'ॲनाक्युसिस' लिहिताय? आधी या चुका टाळा

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या कान-तपासणीच्या क्लिनिकमध्ये कुणी बाहेरचा रिपोर्ट घेऊन आलं की मी आलेखाच्या आधी शेवटची ओळ वाचते. तिथे हल्ली 'ॲनाक्युसिस' हा शब्द फार दिसायला लागलाय. शिकाऊ मुलांना तो आवडतो, भारदस्त वाटतो ना! ग्रीकमधला 'अन्' आपल्या 'अनादि'मधल्यासारखाच नकाराचा, आणि 'अकूसिस' म्हणजे ऐकणं. म्हणजे त्या कानाला ऐकणं शून्य, टिपूससुद्धा नाही. आपण 'ठार बहिरा' म्हणतो ते. पण ज्यांना घरचे ठार बहिरे म्हणतात ते कितीतरी आजोबा कानाशी जोरात बोललं की चोख उत्तर देतात, आणि रिपोर्टमधल्या ठार बहिऱ्यांचीही गत पुष्कळदा तीच असते.

मशीन संपलं म्हणजे कान संपला, असं धरणं

ऑडिओमीटर, म्हणजे ऐकणं मोजायचं मशीन, जास्तीत जास्त 110 ते 120 डेसिबलपर्यंत जातो, खालच्या पट्टीतल्या 250 हर्ट्झला तर त्याहून अलीकडेच थांबतो. तिथेही प्रतिसाद नसेल तर आलेखावर खाली जाणारा बाण काढतात. त्या बाणाचा अर्थ 'या मशीनच्या हद्दीत प्रतिसाद नाही' एवढाच. बेरा चाचणीत, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद डोक्यावर तारा लावून मोजतात त्यात, तर आणखी गोची आहे. नेहमीचा क्लिक आवाज मुख्यतः 2000 ते 4000 हर्ट्झचा अंदाज देतो. खालच्या पट्टीत कान जिवंत असला तरी बेरा सपाट येऊ शकतो.

निफाडकडचं एक जोडपं अडीच वर्षांच्या मुलाला घेऊन आलं होतं. फायलीत एकच बेरा, सपाट, आणि खाली ठसठशीत 'बायलॅटरल ॲनाक्युसिस', म्हणजे दोन्ही कान ठार. ऐकायचं मशीन लावून उपयोग नाही, असं त्यांना सांगितलेलं. त्यानंतर आठ महिने त्या पोराच्या कानाला काहीही लागलं नव्हतं. आई अडखळत म्हणाली, "मॅडम, ट्रॅक्टर चालू झाला की हा दाराकडे बघतो. पण डॉक्टर म्हणाले तो भास आहे आमचा."

ट्रॅक्टरचं मी लगेच मान्य केलं नाही. जमिनीची थरथर पायाला कळते. पोराला खोलीत बसवलं, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा, हा खेळ शिकवला. पहिले दोन दिवस त्याने फक्त ठोकळे चावले. तिसऱ्या दिवशी 250 हर्ट्झला 65 डेसिबलवर ठोकळा डब्यात. परत दिला, परत डब्यात. 500 ला 80. त्याहून वरच्या पट्टीत काहीच नाही. एवढ्या पातळीवर इयरफोनची थरथर जाणवत नाही, म्हणजे तो ऐकतच होता. कान फार अधू होता, पण शून्य नव्हता. त्याच आठवड्यात दोन्ही कानांना मशीनं लागली आणि कॉक्लिअर इम्प्लांटचीही, म्हणजे आतल्या कानात ऑपरेशनने बसवायच्या यंत्राची, चौकशी सुरू झाली. बोलणं शिकायच्या वयातले आठ महिने मात्र एका शब्दापायी गेले.

माझी सवय सांगते: लहान मुलाच्या एकट्या बेरावर मी कधीच निदान लिहीत नाही. ओएई करते, म्हणजे आतल्या कानातून उलट येणारा बारीक आवाज टिपते, कारण ओएई आहे आणि बेरा नाही, असं निघालं तर ते वेगळंच प्रकरण, ऑडिटरी न्यूरोपथी: कान आवाज पकडतो, पण पुढे तो नीट पोचत नाही. मग मुलाबरोबर जमिनीवर बसते. वेळ लागतो. ज्यांना वीस मिनिटांत रिपोर्ट छापायचाय त्यांनी मोठ्यांच्याच तपासण्या कराव्यात.

मास्किंगला टांग मारणं

मास्किंग म्हणजे एक कान तपासताना दुसऱ्यात खरखराट सोडून त्याला गुंतवून ठेवणं. ते टाळणं ही उलटी चूक. सातपूरचा एक कॉलेजचा मुलगा, लहानपणी गालगुंड झालेले. रिपोर्टमध्ये डावा कान 60 डेसिबल, त्यावर 25 हजारांचं मशीन घेतलेलं. म्हणाला, "मॅडम, आवाज येतो, पण उजव्या कानात येतो." हेडफोनचा आवाज 40 ते 60 डेसिबल गमावून कवटीतून पलीकडे पोचतो, आणि चांगला कान वाईट कानाच्या नावाने बटण दाबतो. याला आम्ही शॅडो कर्व्ह म्हणतो. उजव्या कानात मास्किंगचा खरखराट सोडला आणि डावीकडे सगळे बाण खाली. या कानाला ॲनाक्युसिस शोभला असता, तिथे मात्र कुणी लिहिला नव्हता! मास्किंग शिकायला कंटाळवाणं आहे, मान्य. पण ते येत नसेल तर हेडफोनला हात लावू नये.

बाकीच्या चुका भराभर:

तपासणीत कानामागच्या हाडावर लावतात तो व्हायब्रेटर 250 हर्ट्झला ऐकू न येताही नुसता जाणवतो. मोठ्या माणसाला मी दर वेळी विचारते, "ऐकलं की थरथरलं?"

प्रेसबायक्युसिस म्हणजे उतारवयातला बहिरेपणा. शब्दाचा शेवट सारखा असला तरी तो ॲनाक्युसिसचा भाऊ नाही. वयाने कान सहसा ठार होत नाही.

मळाने कान ठार बहिरा होत नाही. कानात काड्या घालणं थांबवा.

दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरचे '100 टक्के' म्हणजे शून्य ऐकणं नव्हे, तो कायद्याचा हिशोब आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना 70 डेसिबल गेले की 'बधिर', 60 ते 70 असेल तर 'ऐकण्यास कमी'. जागतिक आरोग्य संघटना 95 च्या पुढे 'पूर्ण' म्हणते. या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात कोंबू नका.

मराठीत लिहिताना 'बधिरता' एकटं सोडू नका. कातडी बधिर होते, दात काढताना हिरडीही होते. एका आजींनी बधिरीकरण तज्ज्ञाची पाटी वाचून तिथेच कानाचा नंबर लावला होता.

रात्रीतून एक कान गेला तर शब्द शोधत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.

परवा माझ्या इंटर्नने वैतागून विचारलं, "मॅम, मग हा शब्द लिहायचा तरी कधी?" मी तिला कपाटातली एक जुनी फाईल दिली. कानाच्या नसेवरची गाठ, ऑपरेशन आतल्या कानातूनच केलेलं, त्यात तो कान द्यावाच लागतो. मास्किंगसकट सगळ्या फ्रिक्वेन्सी तपासलेल्या, सगळे बाण खाली. शेवटच्या ओळीत माझ्याच अक्षरात: उजवा कान, ॲनाक्युसिस.