फौजीकाकांचं मत किती धरायचं? आधी एवढं बघा

अग्निपथ या फौजेतल्या भरती योजनेवरनं कट्ट्यावर वाद पेटला की कोणतरी म्हणतंच, "मी 17 वर्षं फौजेत काढल्यात, तू गप." गप बसू नका भावांनो, पण उडवून पण लावू नका. आधी सरळ विचारायचं, काका कुठल्या ट्रेडला (म्हणजे फौजेत कुठल्या कामाला) होता, पोस्टिंग कुठं, रिटायर कधी? आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीत तर घरटी फौजी, पण सियाचीनच्या बर्फात राहिलेला माणूस बूट, रेशन, रजा यावर बोलायला लागला की कान देऊन ऐका, तोच विमान खरेदीवर बोलला तर त्याचं मत तुमच्या-आमच्याइतकंच, राग नसावा. अग्निपथ 2022 चं, चार वर्षं नोकरी आणि पुढं जास्तीत जास्त 25 टक्के कायम, त्याआधी घरी आलेल्यानं अग्निवीर हाताखाली बघितलेलाच नसतो.

आता उलटं उदाहरण, तेपण आपल्याच जिल्ह्याचं. पूर्व कमांडचे त्यावेळचे प्रमुख जनरल एस. पी. पी. थोरातांनी 1960 ला वर्दीत असतानाच चीनचा धोका मांडून दाखवला, दिल्लीनं मनावर घेतलं नाही, 1962 ला काय झालं माहितीच आहे. म्हणून म्हणतो, फौजेचे निर्णय ठरवणाऱ्या समितीत फौजींना खुर्ची द्याच, सही मात्र निवडून दिलेल्यांचीच. आणि हो, चहाचे पैसे काकांना देऊ द्यायचे नाहीत.