प्रसूतीनंतरचा कचरा: चार रंग, 48 तास

प्रसूतिगृहात खाट एकच असली तरी 2016 चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू होतात. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी घ्या आणि सामायिक प्रक्रिया केंद्राशी (अनेक दवाखान्यांचा कचरा एकत्र नष्ट करणारं केंद्र) करार करा.

वार (बाळानंतर बाहेर येणारी, नाळेला जोडलेली) पिवळ्या पिशवीत टाका. ती साधारण अर्ध्या किलोची, ओली आणि जड असते. पिशवी फाटून जिन्यावर रक्त सांडतं, म्हणून दोन पिशव्या घ्या. त्यावर ब्लीचिंग ओतू नका. ही पिशवी पुढे जाळतात आणि ब्लीचिंगमुळे क्लोरीनयुक्त झालेला कचरा जाळला की विषारी वायू निघतात. रक्ताचा कापूस आणि पॅडही पिवळ्यातच.

हातमोजे, कॅथेटर (लघवीची नळी), सलाईनची नळी लाल पिशवीत. ऑक्सिटोसिनची (प्रसूतीत देतात त्या इंजेक्शनची) फुटकी काचेची कुपी निळ्या खोक्यात.

सगळ्यात घातक सुई. टोपण परत लावू नका, तिथेच बोटाला टोचते. वापरली की लगेच कटरने कापा आणि पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाका. नाळ कापलेलं ब्लेडही तिथेच. डबा पाऊण भरला की बंद. लाल पिशवीत चुकून गेलेली सुई पिशवी उचलणाऱ्या ताईंच्या मांडीत घुसते. त्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस आधी द्या.

पिशवीवर बारकोड लावा, वजन रोज नोंदवा, 48 तासांत केंद्राच्या गाडीला द्या. वार्षिक अहवाल मंडळाला 30 जूनपर्यंत.