नवजात बाळाच्या मेंदूतील रक्तस्राव: परत येणारा कोड अखेर असा बसला

लक्षण असे: मुदतपूर्व जन्मलेले बाळ, निदान मेंदूच्या पोकळीतील रक्तस्राव, आणि आयसीडी-१०-सीएममधला (निदानांच्या कोडांची अमेरिकी यादी) कोड टाकला की क्लेम (विमा दावा) परत.

आधी आय६१.५ (मेंदूच्या पोकळीतल्या रक्तस्रावाचा सर्वसाधारण कोड) टाकून पाहिला. वयाच्या तपासणीतच अडकला, कारण तो गट नवजातांसाठी नाही. पी५२.३ (नवजाताचा, पण श्रेणी न सांगणारा कोड) घेतला गेला, पण ‘श्रेणी कुठे आहे?’ अशी विचारणा आली. पी५२.२ वर ‘कोड अपूर्ण’. वैताग आला, खोटं कशाला बोला.

जमलं ते या क्रमाने. आधी प्रसूतीची नोंद वाचा. रक्तस्राव जन्मावेळच्या इजेमुळे झाल्याचं डॉक्टरांनी लिहिलं असेल तर पी१०.२, आणि मग पी५२ कडे (इजेविना झालेल्या रक्तस्रावाचा गट) फिरकायचंच नाही. तसं नसेल तर डोक्याच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट उघडा. १९७८ च्या पपील वर्गीकरणानुसार रक्त जर्मिनल मॅट्रिक्सपुरतं (पोकळीच्या कडेचा नाजूक रक्तवाहिन्यांचा थर) असेल तर श्रेणी १, पी५२.०. पोकळीत उतरलं पण पोकळी फुगली नाही, तर श्रेणी २, पी५२.१. पोकळी फुगली तर श्रेणी ३, पी५२.२१. मेंदूच्या ऊतीतही रक्त असेल तर श्रेणी ४, पी५२.२२. शेवटचा अंक सोडायचा नाही; पी५२.२ तिथेच अडकला होता.

मात्र रिपोर्टच्या वर्णनावरून श्रेणी आपण ठरवायची नाही. बालरोगतज्ज्ञांना लेखी विचारून नोंद करून घ्या, मगच कोड टाका.

त्यानंतर पी०७ मधले (मुदतपूर्व जन्म आणि कमी जन्मवजनाचा गट) कोड जोडा: आधी जन्मवजनाचा, मग गर्भवयाचा.