बॅले कंपनीच्या गालामागची कामं: इंटर्नशिपचा अनुभव

फिलाडेल्फियात कला-व्यवस्थापनात मास्टर्स करताना मी एका छोट्या कंटेम्पररी बॅले कंपनीत इंटर्न होते. नव्या सीझनसाठी निधी उभा करायची गाला संध्याकाळ होती आणि तिची बरीच कामं माझ्याकडे आली. या क्षेत्रात यायचं मनात असेल, तर हे वाचा.

आधी व्हिसाचं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कामाच्या पहिल्या दिवसाआधी कॉलेजकडून सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीची, मंजुरी हातात हवी. बिनपगारी काम असलं तरी विचारूनच घ्या.

मी कथक शिकलेली. बॅलेत माझं काय काम, अशी धास्ती होती. पण सॅन फ्रान्सिस्कोचे नृत्यदिग्दर्शक अलोन्झो किंग यांनी झाकीर हुसेन यांच्या तबल्यावर बॅले बसवले आहेत. मुलाखतीत आपलं शिक्षण लपवू नका. पायाला सराव किती लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला देणगी मागताना शब्द शोधावे लागत नाहीत.

अमेरिकेत सरकारी मदत तुटपुंजी आणि तिकीटविक्रीतून खर्च भागत नाही, म्हणून सगळी मदार देणगीदारांवर. गणपतीची वर्गणी गोळा करताना मी पावत्या फाडल्या आहेत, पण तिथली पावती वेगळी. तिकीट ५०० डॉलरचं आणि जेवण १५० डॉलरचं, तर देणगी धरायची ३५०. तिकीट ७५ डॉलरच्या वर असेल तर ही फोड लेखी कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. २५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीची लेखी पोच नसेल, तर देणाऱ्याला करसवलत मिळत नाही. निमंत्रणं छापायला जाण्याआधी हे आकडे पक्के करा.

पाहुण्यांची यादी मात्र जिवापाड जपा. मी जुन्या यादीवरून टेबलावरची नावांची कार्डं छापली. एक वृद्ध बाई आल्या, खुर्ची ओढली आणि थबकल्या. शेजारच्या जागेवर त्यांच्या पतीचं कार्ड होतं, आणि ते वर्षभरापूर्वी वारले होते. त्यांनी ते कार्ड उचलून पर्समध्ये ठेवलं. काही बोलल्या नाहीत. यादीतलं एकेक नाव कंपनीतल्या जुन्या माणसांना वाचून दाखवायला मला अर्धा तास लागला असता. तो मी काढला नव्हता.

जेवणानंतर पॅडल रेझ, म्हणजे सगळ्यांसमोर देणगीचे आकडे पुकारणं. सूत्रसंचालक सगळ्यांत मोठा आकडा पुकारतो आणि खाली खाली येतो. ज्याला जमेल तो आपल्या क्रमांकाची पाटी वर करतो. प्रत्येक आकड्यामागे एक वस्तू सांगा, नुसता ‘कलेसाठी’ हात वर होत नाही. आमचा शेवटचा आकडा पॉइंट शूजच्या, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर नाचायच्या बुटांच्या, एका जोडीचा होता. एका नर्तिकेने आपला वापरलेला बूट टेबलांवर फिरवला. बाहेर गुलाबी साटन, आत कापडाचे थर खळीने चिकटवून केलेला कडक पुढा, घामाने आता मऊ पडलेला. रिबिनी तिनेच शिवलेल्या. एका प्रयोगात जोडी बाद होऊ शकते, हे ऐकून लोक बूट दाबून बघत होते. सगळ्यांत जास्त हात त्या आकड्याला वर झाले.

दुसऱ्या दिवशी दमलेले असलात तरी आभारपत्रं त्याच दिवशी सुरू करा. त्या बाईंचं पत्र मी हाताने लिहिलं. आधी माफी मागितली, मग आभार मानले, आणि पाकिटावर फक्त त्यांचं नाव घातलं.