घरच्या जुन्या लॅपटॉपवर मंबल सर्व्हर कसा लावायचा (आणि पोर्टपाशी अडकायचं कसं नाही)

गेम खेळताना बोलायला आपल्या ग्रुपचा स्वतःचा व्हॉइस सर्व्हर हवा असेल, फुकट आणि आवाज लगेच पोचणारा, तर मंबल हे व्हॉइस चॅटचं सॉफ्टवेअर लावा. ओपन सोर्स आहे, ओपस कोडेक (आवाज दाबून लहान करून पाठवायची पद्धत) वापरतं, आणि पाच-सात जणांसाठी कपाटात पडलेला जुना लॅपटॉप आरामात पुरतो.

लॅपटॉपवर डेबियन किंवा उबंटू (लिनक्सचे प्रकार) आहे असं धरतो. मंबल-सर्व्हर नावाचं पॅकेज टाका, रीकॉन्फिगर करून सुपरयूजरचा (सर्व्हरच्या मुख्य अ‍ॅडमिनचा) पासवर्ड ठेवा, सेटिंगच्या फाईलमध्ये सर्व्हरचा पासवर्ड लिहा, रीस्टार्ट करा, झालं.

खरी गोची पुढे आहे. बाहेरच्या मित्रांना आत यायला राउटरवर पोर्ट ६४७३८ (पोर्ट म्हणजे डेटा आत यायचं नंबर दिलेलं दार) लॅपटॉपकडे फॉरवर्ड करावा, म्हणजे वळवावा लागतो, आणि "पोर्ट ओपन करा" एवढंच सांगून मोकळे होणाऱ्या व्हिडिओंवर माझा राग आहे, कारण पोर्ट टीसीपी आणि यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती, मंबलचा आवाज यूडीपीवरून जातो) दोन्हींवर उघडायचा असतो हे ते सांगतच नाहीत. मी पहिल्यांदा फक्त टीसीपी उघडला होता. सगळे कनेक्ट झाले, नावं दिसली, पण ऐन मॅचमध्ये आवाज तुटून तुटून यायचा आणि "मागे आहे" हे मागचा मारून गेल्यावर ऐकू यायचं. दोन रात्री मी माइक बदलत बसलो. उत्तर मंबलच्या लॉगमध्येच लिहिलेलं होतं, यूडीपी पॅकेट जात-येत नाहीत म्हणून टीसीपी मोडवर जातोय. ती ओळ दिसली की माइकला हात लावू नका, राउटर उघडा.

दुसरं म्हणजे लॅपटॉपचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) राउटरमध्ये रिझर्व्ह करून टाका, नाहीतर लाईट जाऊन आली की नवा आयपी मिळू शकतो आणि फॉरवर्डिंग भलतीकडेच जातं.

आणि हे सगळं करण्याआधी, प्लीज आधी, राउटरच्या स्टेटस पेजवरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघा आणि ब्राउझरमध्ये "माझा आयपी" शोधून जो येतो त्याच्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, किंवा वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सीजी-नॅटच्या मागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनी अनेक घरांत वाटतेय, मग राउटरवर कितीही पोर्ट उघडा, काही उपयोग नाही. माझ्या ब्रॉडबँडवाल्याने हे विचारल्यावरसुद्धा सांगितलं नाही, एक अख्खा रविवार गेला. अशा वेळी कंपनीकडून पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा, फक्त तुमचा) आयपी घ्या, नाहीतर सगळ्यांनी टेलस्केल (सगळ्यांची मशीनं एका खासगी नेटवर्कमध्ये जोडणारा प्रोग्राम) टाका, तो फुकट चालतो आणि पोर्टची भानगडच राहत नाही. मी टेलस्केलच सांगेन.

टेस्ट घरच्या वायफायवरून पब्लिक आयपी टाकून करू नका, बरेच राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत आणि चालू सर्व्हर बंद वाटतो. मोबाईल डेटावरून बघा.

पब्लिक आयपी बदलत असेल तर डकडीएनएसवर (बदलत्या आयपीला एकच नाव देणारी सेवा) फुकट नाव घ्या आणि मित्रांना तेच द्या.

शेवटचं, सगळ्यांना पुश-टू-टॉक (बटण दाबलं तरच माइक चालू) लावायला सांगा, एकाच्या घरचा मिक्सर पाच जणांना ऐकावा लागू नये.